कोबालमिनचं घराणं

५ ऑगस्ट, सोमवार

पाय बधिर. गुडघ्याखाली मुंग्या. बोटांना कुणी मोजे चढवल्यासारखं. आज काय विसरले — आठवत नाही. आठवलं असतं तर विसरले म्हणून सांगितलं असतं का!

इथवर डॉक्टरांचं. इथून खाली माझं.

मिरजेच्या डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितलीय. रोज अंगात काय होतं ते लिहा, पुढच्या वेळी आणून दाखवा. मी म्हटलं, "साहेब, मला अक्षर येत न्हाई." तर म्हणाले, "नात आहे ना?" आहे. ब्राह्मी. आम्हा जैनांच्या पहिल्या तीर्थंकरांनी, आदिनाथांनी, पहिलं अक्षर आपल्या लेकीला शिकवलं, त्या लेकीचं नाव ब्राह्मी, म्हणून हे नाव मीच ठेवलं. आमची ब्राह्मी रोज एसटीनं सांगलीला जाऊन रसायनशास्त्र शिकते आणि संध्याकाळी मी बोलते ते लिहिते. 'हाय'चं 'आहे' करते, 'न्हाई'चं 'नाही' करते. करू दे. मला शिकल्यासारखं वाटतं.

कायदा असा ठरला: वरच्या ओळी डॉक्टरांना वाचून दाखवायच्या, खालचं कुणालाच नाही. तिच्या आईला तर नाहीच. "आणि मी गं, आज्जी?" म्हणाली. म्हटलं, तू हात आहेस. हातानं नुसतं हलायचं.

शुक्रवारचं लिहून टाक, म्हणजे डोक्यातून जाईल.

यंदा चातुर्मासाला आमच्या गावात मुनिमहाराज आहेत. महाराज दिवसातून एकदाच जेवतात, तेही उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत. पाणीसुद्धा तेव्हाच, एकदाच. सकाळी घरोघरी माणसं सोवळ्यात दारात उभी राहून नमोस्तु म्हणतात, आणि महाराज मनात काय ठरवून निघालेले असतात ते ज्याच्या दारात जुळेल तिथं थांबतात. शुक्रवारी आमच्या दारात जुळलं.

ओंजळीत घास ठेवण्याआधी तो शोधायचा असतो. खडा, मुंगी, केस — काही राहता कामा नये. डोळे अधू झाले तेव्हापासून मी बोटांनीच शोधते. चाळीस वर्षं मी घास देतेय! बाया म्हणायच्या, म्हातारीच्या बोटांना डोळे हायत. मला ते ऐकायला आवडायचं. फार आवडायचं.

पाचवा घास. महाराजांनी ओंजळ सोडली आणि खाली बसले. भातात केस. अंतराय! म्हणजे संपलं. त्या क्षणापासून दुसऱ्या दिवशीच्या आहारापर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. त्यात आदल्या दिवशी त्यांचा उपवास होता.

केस पांढरा, लांबलचक. घरात पांढरे केस माझे. माझ्या सुनेचे, सुरेखाचेही असतील, पण ती मेंदी लावते.

महाराज उठले. मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू घेऊन शांतपणे निघून गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

भरतेश — माझा मुलगा, साताऱ्याच्या एमआयडीसीत असतो, शनिवार-रविवार घरी — त्यानं आल्या आल्या सांगितलं, "आई, आता तू चौक्यात न्हाई जायाचं. सुरेखा बघंल समदं." चौका म्हणजे महाराजांचा आहार करायची आणि द्यायची सोवळ्यातली जागा. चाळीस वर्षं माझी होती. एका केसात गेली.

ही सुरेखा म्हणजे ब्राह्मीची आई. ती काही बोलली नाही. ती बोलतच नाही. चौदा वर्षं आम्ही दोघी मीठ, पीठ आणि पाणी एवढ्यावरच बोलतो.

७ ऑगस्ट, बुधवार

पाय तसेच. बोटं तशीच. एसटीत चढताना पायरी कुठं आहे ते खाली बघितलं तेव्हा कळलं.

मिरजेला जाऊन आलो — मी, सुरेखा, ब्राह्मी. रिपोर्ट आला. बी बारा म्हणून काहीतरी दोनशेच्या वर लागतं. माझं एकशे अठरा. डॉक्टर म्हणाले, नसांवरचं वेष्टन झिजतंय, म्हणून बोटं बधिर, म्हणून विसरणं. सुया घ्या, बरंचसं परत येईल. उशीर केलात तर येणार नाही.

मग विचारलं, "दूध, दही, ताक घेता ना?"

मी तोंड उघडायच्या आत सुरेखा म्हणाली, "आत्यांचा दुधाचा त्याग हाय. चौदा वर्सं झाली. दूध न्हाई, दही न्हाई, ताक न्हाई." असं म्हणाली, जसा काय हिनंच मला शिकवलाय त्याग!

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्यासारख्या शाकाहारी माणसाला हे दुधातूनच मिळतं, आजी. तुम्ही तेच दार लावून घेतलंत."

मी खिडकीबाहेर बघत बसले. बघण्यासारखं काही नव्हतं.

परतताना ब्राह्मीला म्हटलं, कुपीवर काय लिहिलंय वाच. तिनं वाचलं — मिथाईलकोबालमिन. म्हटलं, हे औषधाचं नाव की गावाचं? मग काय! पोरगी शिकलेली. सांगली येईपर्यंत थांबली नाही.

मला कळलं ते असं. कोबालमिन हे एकट्याचं नाव नाही, आडनाव आहे. कोबाल्ट नावाचा एक धातू आहे. तो मधोमध बसलेला आणि भोवती ठरल्यासारखी जाळी विणलेली — असं ज्यांचं ज्यांचं अंग, ते सगळे कोबालमिन. पुढे जे लागतं ते ज्याचं त्याचं नाव. एक मिथाईल, एक सायनो, एक हायड्रॉक्सो, आणि चौथ्याचं इतकं लांब की ब्राह्मीनं परीक्षेपुरतंच पाठ केलंय. धातूला एक हात मोकळा असतो, त्या हातात कोण आहे त्यावरून नाव. आणि बी बारा? "ते घरात हाक मारायचं नाव, आज्जी." म्हणजे जसं मी दाराबाहेर पाटलीण आणि घरात म्हातारी.

सायनोच्या हातात कोण असतं, विचारलं. म्हणाली, सायनाईड. सुरेखा पुढच्या सीटवरून गर्रकन वळली. "इख? आत्यांना इख टोचणार?" ब्राह्मी म्हणाली, कणभराचाही कण असतो, कुणाला काही होत नाही, आणि आपल्या कुपीत तो नाहीच, आपल्या कुपीत मिथाईल आहे. सुरेखा परत पुढं बघू लागली. पण हातातली पिशवी तिनं उघडून एकदा बघितलीच. वाचता येतं तिला. वाचून मग गाठ मारली.

कोबाल्ट हे नाव जर्मनीतल्या खाणकामगारांनी दिलेलं. चांदी मिळेल म्हणून ते दगड फोडायचे, आणि आत निघायचा हा. मग म्हणायचे, खाणीतल्या भुतानं चांदी चोरून हे ठेवलं! त्या भुताचं नाव या धातूला.

"म्हणजे डॉक्टरांचं म्हणणं, माझ्यात भूत कमी पडलंय."

"व्हय, आज्जी."

आपल्या भरतेशला जाऊन सांग म्हटलं. त्याला वाटतं उलटं आहे.

९ ऑगस्ट, शुक्रवार. नागपंचमी

पहिली सुई. एक दिवसाआड अशा दहा.

कुपी तपकिरी काचेची. याला उजेड सोसत नाही म्हणे. सिस्टरनं सुईत ओढून घेतलं तर लालभडक, जास्वंद पिळल्यासारखं! ब्राह्मी म्हणते, निळ्या काचेच्या बांगडीतला रंग असतो तोही कोबाल्टचाच. तिथं निळा, इथं लाल. ज्याच्या घरात राहील त्याचा रंग घेतो. सुनेसारखा, म्हणणार होते. नाही म्हटलं.

बनुबाई आली. पलीकडच्या भिंतीची शेजारीण. शिराळा तिचं माहेर, नागपंचमीला चुकवत नाही, यंदा गुडघ्यानं नाही म्हटलं.

"काय म्हातारे, टोचून घेतलंस म्हनं?"

"व्हय. बी बारा कमी हाय."

"ते कशात असतंय?"

ब्राह्मी आतून ओरडली, "मटणात! अंड्यात! मासळीत!"

बनुबाईनं कपाळावर हात मारला. "आगं मग माझ्या चुलीवर उकळतंय ते काय! आमचा फौजी पेन्शनीत आल्यापासनं दर ऐतवारी रस्सा हाय. नुसता वास घ्यायला आली असतीस तरी शंभरानं वाढलं असतं!"

"वास येतोय की भिंतीवरनं. इतकी वर्सं फुकट घेतलाय. त्यावरच एकशे अठरा आलं असंल."

ती गेल्यावर मात्र ब्राह्मीला विचारलं, हे मटणातून काढत नाहीत ना? नाही म्हणाली. मग कशातून? मग तिनं सांगितलं ते असं.

हे झाड करत नाही. जनावर करत नाही. माणूस तर नाहीच. करतात फक्त जंतू. म्हैस चारा खाते, चाऱ्यात मातीतला कोबाल्ट येतो, तिच्या पोटातले जंतू त्याचं हे बनवतात, आणि ते दुधात उतरतं. कारखान्यात म्हैस नाही. मोठमोठ्या टाक्यांत जंतू वाढवतात, मळीसारखं काहीतरी गोड खायला घालतात.

"आणि मग जंतूंचं काय करतात?"

"तापवतात, आज्जी."

"म्हणजे मारतात."

ब्राह्मी म्हणाली, तू उकळलेलं पाणी पितेसच की. पितेच. पण आधी गाळते, आणि गाळण्यात जे राहील ते परत विहिरीत सोडते. आयुष्यभर सोडलंय. आणि आता कुठल्याशा टाकीतले कोट्यवधी माझ्या दंडात!

अशी सुई घेतलेली बाई चौक्यात उभी राहू शकते का? न घेता बोटं परत येणार नाहीत, आणि बोटांशिवाय चौका नाही. घेतली तर बोटं येतील — आणि चौका?

महाराजांनाच विचारायला हवं.

११ ऑगस्ट, रविवार

दुसरी सुई, यावेळी कमरेखाली. सगळं अंग बधिर झालेलं नाही हे नक्की कळलं!

१४ ऑगस्ट, बुधवार

पाय तसेच. बोटं तशीच. चालताना भिंत धरली.

दुपारी महाराजांकडे गेले. त्या वेळेला ते लोकांच्या शंका ऐकतात. कोयनेचं पाणी सोडलंय, नदी चढलीय, वरून झड. सुरेखा छत्री धरून मागोमाग. मी म्हटलं होतं, नको येऊ. आली.

मी महाराजांना सगळं सांगितलं. केसाचं सांगितलं, बोटांचं सांगितलं, टाकीचंही सांगितलं. मिथाईल आणि सायनोसुद्धा सांगितलं. महाराज हसले. म्हणाले, "आजी, तुम्ही हे जिभेसाठी घेत नाही, औषध म्हणून घेताय. घ्या. बऱ्या झालात की चौक्यात या."

एवढं सोपं! मी नमोस्तु करून उठणार, तेवढ्यात म्हणाले, "आणि दुधाचं काय? जन्मभर सुया घेण्यापेक्षा दूध बरं. नियम मोकळा करता येतो, त्याला प्रायश्चित्त आहे. पण आधी सांगा, हा नियम कोणत्या भावानं घेतला होता?"

भाव म्हणजे मनातलं कारण. खरं कारण. मागे सुरेखा उभी. छत्रीचं पाणी फरशीवर ठिबकत होतं, ते मला ऐकू येत होतं.

म्हटलं, "आठवत न्हाई, महाराज."

सगळ्यांनी चुकचुक केली. बिचारीला आजार आहे! मला उठताना दोघींनी हात दिला.

या आजाराचा आजवर एवढाच उपयोग झाला.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी शाळेत झेंडा झाला. ब्राह्मीला सुट्टी. म्हटलं, दार लोटून घे आणि लिही. हे तुझ्या आईचं आहे. लिहवणार नसेल तर आत्ताच सांग. म्हणाली, "मी हात हाय न्हवं."

तर लिही. मला सगळं आठवतं.

चौदा वर्षांपूर्वी, असाच पावसाळा. आपली म्हैस आटली होती. डेअरीतून एक लिटर यायचं, त्यात अख्खं घर. ब्राह्मी, तू सहा वर्षांची होतीस. मला कपात साय लागायची. सासू होते, कप पहिल्यांदा माझा भरायचा आणि साय त्यात पडायची. मी काही मागत नव्हते. पण नको असंही म्हणत नव्हते.

एका संध्याकाळी परसातून आले. सुरेखा स्वयंपाकघरात तिच्या आईशी फोनवर बोलत होती. म्हणत होती, "आत्यांच्या कपात साय, आन् माझ्या लेकीच्या कपात पानी."

मी दारातूनच मागे फिरले.

खोटं बोलली असती तर मी आत जाऊन चांगलं सुनावलं असतं. ती खरं बोलत होती. तेच झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गेले आणि पंधरा माणसांसमोर दुधाचा आजन्म त्याग घेतला. दूध, दही, ताक, सगळंच. एक कप साय कशाला सोडायची, सोडायचं तर डोंगर सोडावा! लोकांनी जयजयकार केला. गळ्यात हार पडला. ब्राह्मीच्या आजोबांनी — मी त्यांचं नाव घेत नाही, तू लिही, आदगोंडा — त्यांनी विचारलं, "अचानक काय गं हे?" म्हटलं, धर्म.

मला वाटलं होतं, सुरेखाला कळेल. येईल, विचारेल, "आत्या, का वं सोडलंत?" मी दोन दिवस रुसेन आणि मग महाराजांना विचारून मोकळी होईन. ती आली नाही. महिना गेला, वर्ष गेलं. बाया पाया पडू लागल्या. मला चौक्यात पहिला मान मिळू लागला. आता कसं सांगायचं? आमच्यात एका दिवसाच्या वरचं दही चालत नाही. आणि मी हे चौदा वर्षं विरजून ठेवलंय.

नियम मोकळा करायचा तर कारण सांगायला पाहिजे. महाराजांना सांगायचं तर आधी सुरेखाला. बोटं हवीत, चौका हवा, आणि त्यागी म्हातारीचा मानही सुटवत नाही. सगळंच पाहिजे!

"संपलं?" ब्राह्मीनं विचारलं.

संपलं म्हटलं. मीट आता वही.

१७ ऑगस्ट, शनिवार

काल वही उघडली नाही. ब्राह्मीचं डोकं दुखत होतं म्हणे. माझंही दुखलं असतं.

पाचवी सुई झाली. पाय तसेच.

२४ ऑगस्ट, शनिवार

डॉक्टर, ऐका! उजव्या हाताची दोन बोटं जागी झाली. तांदूळ निवडताना खडा लागला. बघितला नाही, लागला! दहा वेळा परत टाकला, दहा वेळा हुडकून काढला. फरशी पायाला गार लागते. पायात मुंग्या आहेत, पण आता चावतात. चावू दे.

बोटं परत येताना आधी दुखतं. हे कुणी सांगितलं नव्हतं. बधिर होतं तेव्हा सुख होतं, असंही आज एकदा वाटून गेलं. चौदा वर्षांचंही तसंच असेल का? न लागणारं ते न दुखणारं.

आज गंमत झाली. सुरेखा देवळात निघाली, एक चप्पल अंगणातच राहिली, आणि ही एका चपलेवर देवळापर्यंत! बनुबाईनं हाक मारली तेव्हा खाली बघितलं. "कळलंच न्हाई," म्हणाली. मी म्हटलं, विसरायला सासूला डॉक्टर लागतो, सुनेला तोही लागत नाही.

ब्राह्मी हसली नाही. म्हणाली, "आईला असं कवापासनं होतंय?"

मला काय माहीत? मी कधी बघितलंय?

आज संध्याकाळी सगळ्यांची ताटं झाल्यावर सुरेखा जेवायला बसली तर ब्राह्मी उठली नाही. आईच्या समोर बसून राहिली.

२९ ऑगस्ट, गुरुवार

दहावी सुई परवाच झाली. तीन बोटं आली.

आज सुरेखाला सांगायचंच ठरवलं. ती परसात भांडी घासत होती. जाऊन उभी राहिले. मनात सगळं जुळवलं होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "त्या पातेल्याला साबण राहिलाय."

पातेलं लख्ख होतं. तिनं मुकाट्यानं परत धुतलं.

१ सप्टेंबर, रविवार

सांगितलं.

भरतेश झोपला होता. सुरेखा भाकरी थापत होती. मी उंबऱ्यात बसले आणि तिच्या पाठीशी बोलले. समोरून जमलं नसतं.

"सुरेखा, दूध मी धर्मासाठी न्हवतं सोडलं."

थाप थांबली नाही.

"तू तुझ्या आईसंगं फोनवर —"

"म्हाईत हाय मला, आत्या."

"काय म्हाईत हाय?"

"तुमची पावलं. चिखलाची. दारापतूर आलीती आन् तिथनंच माघारी गेलीती. फोन ठिवून वळले तवा दिसली. मीच पुसली."

चौदा वर्षं! माझ्या सगळ्या धर्माला हिनं एका फडक्यानं पुसून ठेवलं होतं.

"मग इचारलं न्हाईस का?"

"काय इचारू? दुसऱ्या दिशी तुमी देवळातनं हार घालून आलासा. हार घातलेल्या मानसाला काय इचारायचं?"

मला हसू फुटलं. खोटं नाही सांगत, पोट धरून हसले. तिची पाठ हलत होती. हसत होती की रडत होती ते मला दिसलं नाही. भाकरी करपली. तीच मला वाढली.

दुपारी महाराजांना जाऊन सांगितलं, सुरेखासमोर. त्यांनी प्रायश्चित्त दिलं: महिनाभर रोज दोन तास मौन, आणि दूध उद्यापासून घ्या. भरतेश म्हणाला, "महाराजांनी चार तास द्यायला पायजे हुतं."

मग त्याच्यादेखत सुरेखा म्हणाली, "पर्वात आत्या चौक्यात येतील. भात मी शोधंन, घास त्या देतील." भरतेशनं तोंड उघडलं. तिनं बघितलं. त्यानं मिटलं. पर्व म्हणजे आमचे भाद्रपदातले दहा दिवस, पुढच्या रविवारपासून.

२ सप्टेंबर, सोमवार

कपभर दूध प्याले. सुरेखानं साय वर काढून दिली. आधी देवाचं नाव घेतलं, मग डोळे मिटले, आणि संपल्यावर लक्षात आलं की चव घ्यायची राहिली.

तिला म्हटलं, तू पण घे कपभर, बस इथं. म्हणाली, "हातातलं आवरते आधी." ब्राह्मी दारात उभी होती. आईकडे बघत होती.

३ सप्टेंबर, मंगळवार

ब्राह्मी कॉलेज बुडवून आईला मिरजेला घेऊन गेली. कशाला म्हटलं, तर तपासायला. पोरगी माझं सगळं लिहिते आणि पंधरा ऑगस्टपासून स्वतःचं काही सांगत नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

सुरेखाचा रिपोर्ट आला. बी बारा शहात्तर.

डॉक्टरांनी तिलाही तेच विचारलं, दूध घेता ना? ती म्हणाली, "न्हाई. आत्यांनी सोडलं त्या दिसापासनं." देवळात गेली नाही, हार नाही, नियम नाही. दोन वर्षं तिच्याही बोटांना काही लागत नाही म्हणे.

चौदा वर्षं तिनं मला वाढलं आणि माझ्यामागून जेवली. तिच्या ताटात काय नाही, ते मी एकदाही बघितलं नाही.